रेसिडेंट ईव्हिल मुळांकडे परतलं म्हणजे नेमकं काय परतलं?

अंधारकोठडी

२७ फेब्रुवारी २०२६ ला 'रेसिडेंट ईव्हिल रेक्विएम' हा भीतीचा व्हिडिओ गेम येतोय. मालिकेतला नववा मुख्य भाग, पुन्हा एकदा रॅकून सिटी हे मालिकेतलं जुनं काल्पनिक शहर, आणि दिग्दर्शक कोशी नाकानिशी, म्हणजे सातवा भाग करणारेच. जून २०२५ मध्ये घोषणा झाल्यापासून जिथे जावं तिथे एकच वाक्य कानावर येतंय, 'मालिका मुळांकडे परततेय'. हेच वाक्य २०१७ मध्ये सातव्या भागाच्या वेळी ऐकलं होतं, २०१९ मध्ये दुसऱ्याच्या रिमेकच्या वेळीही ऐकलं होतं. म्हणून विचारतो, ही मुळं म्हणजे नेमकं काय?

ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १९९६ मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीने प्लेस्टेशनवर पहिला भाग काढला. शिंजी मिकामी दिग्दर्शक. डोंगरातली एक प्रचंड हवेली, त्यात अडकलेले पोलिसांच्या खास तुकडीतले ख्रिस आणि जिल, मोजक्या गोळ्या आणि पुष्कळ कुलपं. २००५ मध्ये मिकामींनीच चौथ्या भागात कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला आणि वेग वाढवला. २००९ च्या पाचव्यात सोबतीला दुसरा खेळाडू आला. २०१२ च्या सहाव्यात चार वेगवेगळ्या मोहिमा, जगभर पळापळ आणि पावलागणिक स्फोट. भीती कुठे शोधूनही सापडत नव्हती. मग जानेवारी २०१७ मध्ये सातवा आला. लुइझियानातलं डल्वी नावाचं काल्पनिक गाव, हरवलेल्या बायकोला शोधत आलेला इथन विंटर्स, आणि बेकर कुटुंबाचं कुजलेलं घर. सगळं इथनच्या डोळ्यांनी दिसणारं.

माझं मत सरळ आहे. कॅमेरा कुठे ठेवलाय याचा मुळांशी संबंध नाही, झॉम्बी असण्या-नसण्याचाही नाही. पहिल्या भागात तुम्ही एक घर पाठ करत होता, आणि त्या घरात प्रत्येक गोळीचा हिशोब ठेवत होता. सातव्याने या दोन्ही गोष्टी परत आणल्या, म्हणून तो खऱ्या अर्थाने परतलेला भाग आहे. तुम्हाला काय वाटतं? अनुभव सविस्तर लिहा.

साहिल_मिरज

शंभर टक्के सहमत. सहावा मी अर्ध्यातच सोडून दिला होता. सातव्याचा डेमो, 'बिगिनिंग अवर', उतरवून घेतला आणि दिवे लावून खेळलो. भर दुपारी.

खडूस

दुपारी दिवे लावलेस म्हणजे वीजबिलासकट भीती. हसून हसून पुरेवाट.

मृण्मयी_ज

मी असहमत. सातवा भाग उत्तम आहे, त्यावर वाद नाही. पण त्याला मुळांकडे परतणं म्हणू नका. घरात एक अमर माणूस मागे लागलाय, तुम्ही खुर्च्यांमागे लपताय, टॉर्चच्या उजेडात दार शोधताय, हे सगळं २०१० च्या 'अ‍ॅम्नेशिया' आणि नंतरच्या 'आउटलास्ट' या भीतीच्या गेमनी रुजवलं होतं. २०१४ मध्ये 'पी.टी.' हा छोटासा डेमो आला. एकच बोळ, पुन्हा पुन्हा तोच, आणि सगळ्या जगाची झोप उडाली. कॅपकॉमने २०१५ मध्ये 'किचन' हा व्हीआर डेमो (डोळ्यांवर यंत्र चढवून खेळायचा) दाखवला तेव्हा वारा कुठून वाहतोय हे स्पष्ट दिसत होतं. त्या काळी जे चाललं होतं ते त्यांनी फार हुशारीने उचललं. हे शेजारच्या शेतातून केलेलं कलम आहे, त्याला स्वतःचं मूळ कसं म्हणायचं?

आणि मूळ हवंच असेल तर ते पहिल्या भागाच्या स्थिर कॅमेऱ्यात होतं. बोळाच्या टोकाला काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, नुसती पावलं ऐकू येतात. ती भीती इथनच्या डोळ्यांतून येत नाही.

ओसाकावासी

धागा आवडला. मी कॅपकॉमच्याच गावात राहतो, त्यामुळे हात शिवशिवले. इथे मालिकेचं नाव 'बायोहॅझर्ड'. अमेरिकेत त्या नावाचा दुसरा गेम आणि एक बँडही आधीपासून असल्याने तिकडे नाव बदलावं लागलं.

मृण्मयी, स्थिर कॅमेऱ्याबद्दल एक गंमत सांगतो. मिकामींच्या डोक्यात पहिला भाग सुरुवातीला इथनसारखाच होता, म्हणजे नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा. त्या काळच्या प्लेस्टेशनवर तो हवा तसा होईना, म्हणून खोल्यांची चित्रं आधीच तयार करून त्यावर पात्रं चालवायची असं ठरलं. १९९२ च्या 'अलोन इन द डार्क' या फ्रेंच गेमने ती वाट दाखवलेली होती. म्हणजे २०१७ चा कॅमेरा हा मूळ बेतापेक्षा फार लांब नाही.

आणि खरं मूळ पाहिजे असेल तर आणखी खाली खणा. १९८९ मध्ये कॅपकॉमने फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेम-यंत्रावर, 'स्वीट होम' काढला. दिग्दर्शक तोकुरो फुजिवारा, जे पुढे पहिल्या रेसिडेंट ईव्हिलचे निर्माते झाले. एक झपाटलेली हवेली, पाच माणसं, प्रत्येकाला थोडंच सामान उचलता येतं, माणूस मेला की कायमचा मेला, गोष्ट कळते ती इकडेतिकडे पडलेल्या चिठ्ठ्यांमधून. दार उघडतानाचं ते संथ चित्रसुद्धा तिथलंच. पहिल्या भागाची कल्पना निघाली तीच या गेमला नव्या रूपात आणायचं म्हणून. त्यात तो कॅमेरा नाही. घर आणि टंचाई मात्र आहेत. त्यामुळे माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने.

निवांत_पुणे

+१. 'स्वीट होम'बद्दल पहिल्यांदाच वाचलं. धन्यवाद ओसाकावासी!

जाता जाता, ते दार उघडण्याचं चित्र कोणाकोणाला अजून आठवतं? काळ्या पडद्यावर नुसतं दार, कर्रर्र आवाज, मूठ फिरते आणि आपण आत. सीडीवरून पुढची खोली वाचायला वेळ लागायचा म्हणून ते घातलेलं, पण काळजाचा ठोका चुकवायचं काम फुकटात व्हायचं.

जुना_पीसी

आठवत कसं नाही! कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत दुसरा भाग होता. १९९८ चा तो, हिदेकी कामियांनी दिग्दर्शित केलेला. तासाचे पैसे आम्ही चौघे मिळून भरायचो आणि एका कीबोर्डवर बसायचो. एकाकडे चालवणं, एकाकडे गोळी झाडणं, बाकीचे दोघे 'मागे बघ, मागे बघ' ओरडायला. इंग्रजी चिठ्ठ्या वाचायला सगळ्यांत हुशार पोराला बसवायचो. पोलीस ठाण्यात तो सोललेला, लांब जिभेचा लिकर पहिल्यांदा खिडकीबाहेरून सरकतो ना, तिथे चालवणाऱ्याने कीबोर्डवरचे हातच उचलले होते. कॅफेवाल्या काकांनी आवाज बंद करायला लावला, आणि आवाज बंद केल्यावर गेम आणखीनच भीतीदायक झाला.

तेव्हा 'सर्व्हायव्हल हॉरर' हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. 'तो पोलीस स्टेशनवाला गेम' एवढंच.

अथर्व_९

सगळे 'मुळं, मुळं' करताय, पण चौथ्या भागाचं काय? माझ्या मते मालिकेतला सर्वोत्तम गेम तोच. खांद्यामागचा कॅमेरा आज निम्मी दुनिया वापरते. स्पेनमधलं ते गाव, करवतवाला, पुरवठा करणारा तो व्यापारी, पेटीत वस्तू रचून बसवायची मजा. मिकामींनी स्वतः साचा मोडला म्हणूनच मालिका जगली. आधीच्या तीन भागांचाच साचा गिरवत बसले असते तर २००५ मध्येच दुकान बंद झालं असतं.

पाचवाही मी धाकट्या बहिणीबरोबर सुट्टीत खेळलोय. शेवटी ख्रिस ज्वालामुखीत बुक्क्या मारून दगड हलवतो, ते बघून आम्ही दोघं लोळलो होतो. भीती नव्हती, कबूल. मजा होती ना?

खडूस

त्या दगडाचा काय दोष होता पण?

अंधारकोठडी

@अथर्व, चौथ्यावर माझाही जीव आहे. तो वाईट असं मी म्हणतच नाहीये. पण एक फरक बघ. चौथ्यात गावकऱ्याला मारलं की तो पेसेटा, म्हणजे पैसे टाकतो, गोळ्या टाकतो. म्हणजे लढलं की कमाई. पहिल्या भागात झॉम्बीला मारून तुला काहीही मिळत नाही. चार गोळ्या गेल्या, बदल्यात एक बोळ मोकळा झाला, बस्स. त्यामुळे प्रत्येक झॉम्बीसमोर उभं राहून विचार करावा लागतो: या बोळातून मला पुन्हा किती वेळा जायचंय? दोनदाच असेल तर कडेने निसटून जाऊ. सारखं जायचं असेल तर गोळ्या खर्च करू.

सातव्या भागात हेच परत आलं. तळघरातले ते काळे, बुरशीचे मोल्डेड मारून हाताला काही लागत नाही. एवढंच कशाला, बाटलीभर रसायन सापडलं तर ते औषधी पाल्यात घालून मलम करायचं की बंदुकीच्या दारूत घालून गोळ्या करायच्या, हे तिथेच ठरवावं लागतं. त्या निर्णयात मला १९९६ दिसतं.

साहिल_मिरज

आणि शॉटगनचं कोडं विसरलात का? पहिल्या भागात भिंतीवरची शॉटगन उचलली की शेजारच्या खोलीचं छत खाली यायला लागतं. वाचायचं तर तिच्या जागी मोडकी शॉटगन टांगावी लागते. सातव्यात बेकरांच्या दिवाणखान्यात पुतळ्याच्या हातात शॉटगन आहे. ती काढली की दार बंद. मोडकी आणून पुतळ्याला द्या, मग खरी तुमची. मी ते बघून ओरडलोच होतो. हे शेजारच्या शेतातलं कलम नाही हो मृण्मयीताई, घरचंच झाड आहे.

मृण्मयी_ज

साहिल, तो पुतळा म्हणजे जुन्या खेळाडूंना केलेला नमस्कार आहे. नमस्कार केला म्हणून घराणं तेच होत नाही. पण अंधारकोठडी यांनी मांडलेला 'मारून काही मिळत नाही' हा मुद्दा जास्त वजनाचा वाटतो. त्यावर विचार करून लिहिते.

बायूकाठची

लुइझियाना म्हटलं की मला राहवत नाही. आम्ही बॅटन रूजला राहतो. सातवा भाग मुलाने लावला आणि पहिल्या दृश्यातच मी म्हटलं, अरे हा तर आपल्याकडचा उन्हाळा! अंगाला चिकटणारी हवा, पाण्यात उभी झाडं, त्यांवरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस, ओलीमुळे फुगलेलं लाकूड, न बसणारी दारं. इथली जुनी घरं खांबांवर उभी असतात, पुराचं पाणी खालून जावं म्हणून. बेकर कुटुंबातल्या मार्गरीटचं ते किड्यांनी भरलेलं जुनं घर तसंच पाण्यावर आहे.

शेवटी गेम मिठाच्या खाणीत जातो तेव्हा मुलगा म्हणाला, 'हे काहीही दाखवलंय.' मी त्याला नकाशावर एव्हरी आयलंड दाखवलं. दक्षिण लुइझियानात जमिनीखाली मिठाचे प्रचंड घुमट आहेत आणि तिथे खऱ्या खाणी आहेत. ओसाकात बसून गेम करणाऱ्यांनी हा अभ्यास केला याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

पिक्सेलकार

मी पुण्यात गेम बनवणाऱ्या एका छोट्या चमूत काम करतो, तेव्हा थोडं कारागिराच्या बाजूने लिहितो. लांब होईल.

टंचाई बनवणं हे गेममधलं फार अवघड काम आहे. गोळ्या कमी ठेवणं सोपं असतं. खेळाडूला 'आता संपल्या' असं वाटत राहावं आणि तरी तो कायमचा अडकू नये, हे कठीण. मोकळ्या मैदानात ते जवळजवळ अशक्य, कारण कोण कुठून जाईल सांगता येत नाही. बंद घरात येतं. कुठल्या दारामागे किती गोळ्या आहेत, तिथवर पोचेपर्यंत किती खर्च झाल्या असतील, हे बनवणाऱ्याला घर ठाऊक असलं तरच मांडता येतं. म्हणून घर आणि टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. घराशिवाय टंचाई टिकत नाही.

याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण माझ्या लेखी २००२ चा पहिल्या भागाचा रिमेक आहे, निन्टेन्डोच्या गेमक्यूबवरचा. मिकामींनी स्वतः केलेला. त्यात त्यांनी एक भयंकर गोष्ट घातली. झॉम्बी मारून तसाच सोडला तर काही वेळाने तो लाल डोक्याचा, नखं वाढलेला, धावणारा होऊन उठतो. नाव क्रिम्झन हेड. टाळायचं असेल तर डोकं उडवा किंवा प्रेत जाळा. जाळायला रॉकेल लागतं, त्याची बाटली एकदा भरली की दोनच प्रेतांना पुरते, आणि रॉकेलचे डबे हवेलीत मोजक्या जागी. वर ती बाटली सामानात एक खण अडवून बसते. ख्रिसकडे मुळात सहाच खण! एक बंदूक, एक गोळ्या, एक औषध, झाले तीन. बाटली घेतली तर किल्लीला आणि नव्या सापडणाऱ्या वस्तूला मिळून दोनच खण उरतात. जिलकडे आठ खण आहेत, म्हणून तिचा डाव सोपा समजतात.

म्हणजे आता 'मारू की निसटू' एवढाच प्रश्न राहिला नाही. मारलं तर जाळू का? जाळायचं तर बाटली आणायला परत जाऊ का? नाही जाळलं तर हा बोळ अर्ध्या तासाने कसा असेल? जुन्या खेळाडूंना हवेली पाठ होती. मिकामींनी त्यांच्या त्या पाठांतरावरच घाव घातला. त्यांना माहीत असलेल्या जागीच त्यांना घाबरवलं. मुळांकडे परतणं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी २००२ कडे बोट दाखवीन.

आता सातव्याची टीकाही करतो. बेकरांच्या घरात तो अप्रतिम आहे. पण घर संपलं, जहाज लागलं, नंतर खाण लागली, की तो सरळसोट गोळीबार होतो. जहाजात शिरल्यावर तुम्ही घराकडे परत जाऊ शकत नाही. परत जाता येत नाही म्हटल्यावर हिशोब संपला, आणि हिशोब संपला की भीतीही संपते.

निवांत_पुणे

दंडवत _/\_ हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका की.

शुभांगी_क

मी खेळत नाही, लेक खेळतो आणि मी शेजारी विणकाम घेऊन बसते. धागा पूर्ण वाचला, बराचसा कळला. एक मनापासून विचारते. दिवसभर कामाचा ताण असतो, मग रात्री पुन्हा कशाला घाबरायचं? माझा मुलगा जबडा आवळून खेळतो आणि संपल्यावर म्हणतो 'मस्त वाटलं'. हे मस्त वाटणं कुठून येतं?

जुना_पीसी

शुभांगीताई, चांगला प्रश्न. माझ्यापुरतं सांगतो. या गेममध्ये 'सेफ रूम' असते. पहिल्या भागात तिथे टाइपरायटर, सामानाची पेटी आणि शांत संगीत. बाहेरचं काहीही आत येत नाही. रक्ताने लाल झालेल्या अवस्थेत, शेवटची गोळी उरलेली, तुम्ही दार ढकलता आणि ते संगीत सुरू होतं. पूर्ण शरीर सैल पडतं. एवढ्या ताणानंतरचा तो विसावा दुसऱ्या कुठल्याच गेमने मला दिलेला नाही. लेकाला विचारा, तो जबडा कुठल्या खोलीत सोडतो ते.

शिवाय पहिल्या भागात सेव्ह करायलाही शाईची रिबन लागायची, आणि त्या रिबनीही मोजक्याच. म्हणजे सुटकेचासुद्धा हिशोब.

शुभांगी_क

विचारलं. म्हणाला, 'आई, ते पियानोसारखं वाजतं ना तिथे.' आता माझंही लक्ष त्या खोलीकडे राहील. आभारी आहे.

अथर्व_९

पिक्सेलकार, तुमचा मुद्दा पटतोय, पण २०१९ चा दुसऱ्याचा रिमेक तुमच्या कसोटीत कसा बसतो? त्यात कॅमेरा चौथ्याचा, खांद्यामागचा. तरीही मला त्याची भीती सातव्यापेक्षा जास्त वाटली. सतत मागावर असणाऱ्या त्या धिप्पाड मिस्टर एक्सची पावलं! तुम्ही वाचनालयात फळ्या शोधताय आणि वरच्या मजल्यावरून धप्प, धप्प, धप्प. तो कुठे आहे हे आवाजावरून ठरवून मी दारं निवडत होतो.

पिक्सेलकार

बरोबर बसतो, कारण पोलीस ठाणं हेही घरच. नकाशा आठवून बघा. खोलीत काही घ्यायचं राहिलं असेल तर ती लाल दिसते, सगळं घेतलं की निळी. एवढ्या साध्या रंगांनी खेळाडूला परत यायला लावलं. खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, पण फळ्या खिडक्यांपेक्षा कमी. मग कुठला बोळ वाचवायचा? पुन्हा तोच प्रश्न. आणि झॉम्बी मारून काही मिळत नाही, हेही आहेच. इतकंच नाही, डोक्यात गोळ्या घालूनही तो मेलाय याची खात्री नाही.

साहिल_मिरज

आणि २०२० चा तिसऱ्याचा रिमेक? क्लॉक टॉवरचा तो अख्खा भाग कापला. पाठलाग करणारा राक्षस नेमेसिस मूळ गेममध्ये अचानक कुठूनही यायचा, रिमेकमध्ये बहुतेक वेळा ठरल्या जागी येतो. भराभर संपतो. दिसतो छान, पण मला चुकल्यासारखं वाटलं.

निवांत_पुणे

अनुमोदन. तिसऱ्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल, एवढा राग साठलाय.

ओसाकावासी

थोडं अवांतर. मुळांची चर्चा चाललीच आहे तर 'सायलेंट हिल' या दुसऱ्या कंपनीच्या भीतीच्या मालिकेचाही विचार करा. 'सायलेंट हिल एफ' सप्टेंबर २०२५ मध्ये आला. कंपनी जपानी, मालिका जपानी, पण गोष्ट कायम अमेरिकेतल्या गावाची. या वेळी मुख्य भाग पहिल्यांदा जपानमध्ये घडतो, १९६० च्या दशकात, एबिसुगाओका नावाच्या डोंगराळ गावात. गाव काल्पनिक आहे, पण गिफू प्रांतातल्या गेरोतल्या कानायामावरून घेतलंय. मी तिथे गेलोय. दोन घरांच्या मधून एकच माणूस जाईल असे बोळ, कडेने वाहणारं पाणी. गेम लावला आणि तेच बोळ समोर आले.

तिथे मूळ म्हणजे जागा, स्वतःची भूमी. रेसिडेंट ईव्हिलचं मूळ वेगळं आहे, त्याला कुठलंही घर चालतं. अमेरिकेतली हवेली चालते, लुइझियानातलं घर चालतं, युरोपातला किल्लाही चालतो.

खडूस

किल्ल्यावरून आठवलं, २०२१ च्या 'व्हिलेज'चं कोणी नावच काढलं नाही. लेडी दिमित्रेस्कूला वाईट वाटेल. नऊ फुटांच्या बाईला नाराज करू नये.

मृण्मयी_ज

'व्हिलेज'मध्ये बेनेव्हिएंतोचं बाहुल्यांचं घर आठवतं का? हातातली शस्त्रं काढून घेतात आणि तळघरात सोडतात. त्या मालिकेत मला सगळ्यांत जास्त भीती तिथे वाटली. पण त्याच गेममध्ये ड्यूक नावाचा व्यापारी आहे, शत्रू मारले की पैसे आणि माल मिळतो. म्हणजे एकाच गेममध्ये एक तास १९९६ चा आणि पुढचे तीन तास २००५ चे.

आता मूळ प्रश्नाकडे येते, विचार करून लिहिते म्हटलं होतं. गेल्या आठवड्यात मी सातवा पुन्हा लावला, या वेळी 'मॅडहाउस' या सर्वांत कठीण पातळीवर. तिथे सेव्ह करायला कॅसेट लागते आणि कॅसेटी मोजक्याच. वस्तूंच्या जागा बदललेल्या. जॅक बेकर लवकर आणि वेगाने येतो. एक कॅसेट हातात, दोन खोल्या पुढे कदाचित दुसरी असेल, कदाचित नसेल, आणि मी टेपरेकॉर्डरसमोर उभी. तिथे मला स्थिर कॅमेऱ्याची आठवण झाली नाही. १९९६ ची रिबन आणि २०१७ ची कॅसेट यांत माझ्या लेखी फरक उरला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं मांडते: सातवा गेम मुळांकडे परतलाय तो मॅडहाउसमध्ये. साध्या पातळीवर तो त्याच्या काळाचा गेम आहे. आणि ही पातळी सुरुवातीला बहुतेकांना कुलूपबंदच असते, ही मला खटकणारी गोष्ट आहे. जे सगळ्यांत मोलाचं होतं ते एकदा गेम पूर्ण करणाऱ्यांपुरतं ठेवलं.

अंधारकोठडी

हे फार नेमकं मांडलंत. मॅडहाउस मी खेळलोय, पण साध्या पातळीलाच गेम समजून बोलत होतो हे तुमच्या प्रतिसादाने समोर आलं. पिक्सेलकारांचं 'परत जाता येणं' आणि तुमची कॅसेट या दोन गोष्टी माझ्या व्याख्येत मी आता घालतो.

रेक्विएमबद्दल माझी आशा आणि काळजी दोन्ही इथूनच येतात. त्यात दोन पात्रं आहेत. ग्रेस अ‍ॅशक्रॉफ्ट, एफबीआयमधली विश्लेषक, २००३ च्या 'आउटब्रेक'मधल्या पत्रकार अलिसाची मुलगी. ती घाबरते, लपते, तिच्या हातात लायटर. आणि दुसरा लिओन, दुसऱ्या आणि चौथ्या भागाचा नायक, जो आता एवढं पाहून बसलाय की त्याला कशाची भीती वाटणार? म्हणजे कॅपकॉमने मालिकेचे दोन्ही चेहरे एका गेममध्ये घातलेत. नाकानिशींनी सांगितलंय की सुरुवातीला ऑनलाइन, खुल्या जगाचा गेम करून पाहिला आणि चाहत्यांना हे नको असेल असं वाटून सोडून दिला. त्या निर्णयासाठी मी त्यांचा ऋणी आहे. पण लिओनच्या वाट्याला किती गेम येतो, यावर सगळं ठरेल.

अथर्व_९

माझ्यासाठी लिओनचा वाटा जितका मोठा तितका चांगला :) पण एक मान्य, ग्रेसच्या हाती भरपूर गोळ्या दिल्या तर मी स्वतः इथे येऊन तक्रार करीन. ज्याचा गेम त्याला द्यावा.

बायूकाठची

कॅमेरा दोन्ही प्रकारे बदलता येतो म्हणे त्यात? मला डोळ्यांतून दिसणारं फार वेळ सोसत नाही, गरगरतं. मुलाने सातवा व्हीआरवर लावून दिला होता, तो जेवणाच्या टेबलाचा प्रसंग. मार्गरीट ताट पुढे सरकवते तिथेच मी ती व्हीआरची टोपी काढून ठेवली.

ओसाकावासी

हो, रेक्विएममध्ये कधीही बदलता येणार आहे असं त्यांनी जाहीर केलंय. तुमची सोय झाली.

नवीन_खेळाडू

पूर्ण धागा वाचला, भारावलो. मी यातला एकही खेळलेलो नाही. लॅपटॉप साधा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. रेक्विएम तर चालणार नाहीच. सुरुवात कुठून करू?

साहिल_मिरज

सातवा! गोष्ट नवीन, पात्रं नवीन, आधीचं काही माहीत नसलं तरी चालतं. फक्त लॅपटॉपवर आधी डेमो चालवून बघ.

पिक्सेलकार

साधा लॅपटॉप असेल तर २००२ च्या रिमेकची एचडी आवृत्ती घ्या, २०१५ ला आली. खोल्या म्हणजे आधीच केलेली चित्रं, त्यामुळे फारशी ताकद लागत नाही. सेलमध्ये बऱ्याच कमी किमतीत मिळते. पात्र म्हणून जिल निवडा. हालचालीचे दोन प्रकार आहेत, आधी नवीन प्रकार वापरा, जुना नंतर करून बघा.

मृण्मयी_ज

पिक्सेलकारांना अनुमोदन. आणि कागद-पेन्सिल जवळ ठेवा. कुठल्या दाराला कुठली किल्ली आणि कुठल्या बोळात प्रेत न जाळता सोडलंय, ते लिहून ठेवा. इंटरनेटवरचा नकाशा पहिल्या खेपेला उघडू नका.

नवीन_खेळाडू

घेतला! आज रात्री सुरू करतो. जेवणाच्या खोलीतून पुढे गेल्यावर डावीकडे काय आहे ते सांगू नका कोणी.

जुना_पीसी

कोणी सांगणार नाही. हेडफोन लाव मात्र.